चिऱ्यावरचे लिव्हरवर्ट आणि दर्यातला देवमासा: तुलना कशी मांडावी

दोन जिवांची तुलना करा, असा प्रकल्प हातात पडला की बहुतेक जण वाघ आणि बिबटा घेतात, नाहीतर आंबा आणि काजू. लिहायला सोपे, पण शिकायला फारसे काही मिळत नाही. वर्गीकरण, अधिवास आणि संवर्धन-स्थिती (जातीला धोका किती आणि संरक्षण कोणते) हे तीन मुद्दे नीट समजून घ्यायचे असतील, तर अगदी दोन टोकांचे जीव घ्यावेत. लिव्हरवर्ट आणि देवमासा ही जोडी त्यासाठी मला सर्वांत आवडते. गोव्यात राहणाऱ्याला तर दोन्ही घरचेच. पावसाळ्यात सत्तरी-सांगे भागातल्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत शिरलात की चिऱ्यांवर लिव्हरवर्ट, म्हणजे दगडाला चिकटून वाढणारी चपटी हिरवी वनस्पती सापडते, आणि समोरच्या अरबी समुद्रात देवमासे असतातच, आपल्याला दिसोत न दिसोत.

हा लेख कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुले, निसर्ग मंडळात नव्याने आलेली माणसे आणि मुलांचा प्रकल्प स्वतःच करत बसलेले आईबाप, अशा सगळ्यांसाठी आहे.

पायरी १: आधी पातळी जुळवा

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे थोडे थांबू. ‘लिव्हरवर्ट’ ही एक वनस्पती नव्हे. तो वनस्पतींचा एक अख्खा विभाग आहे आणि जगभरात त्याच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत. ‘देवमासा’ हीसुद्धा एक जात नाही. डॉल्फिन आणि पॉरपॉइज धरले तर या गटात सुमारे नव्वद जाती येतात. त्यामुळे ‘लिव्हरवर्टची संवर्धन-स्थिती काय?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. मडगावच्या बाजारात जाऊन नुसते ‘माशाचा भाव काय?’ विचारले तर कोण सांगणार? बांगडा की इसवण, ते आधी ठरवावे लागते.

म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक जात निवडा. मी सुचवेन ती जोडी अशी: वनस्पतीकडून मार्केन्शिया पॉलिमॉर्फा आणि प्राण्यांकडून हंपबॅक देवमासा, म्हणजे मेगाप्टेरा नोव्हेअँग्लिए. मार्केन्शियावर भरपूर अभ्यास झालेला आहे. तिचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे माहिती शोधताना हात रिकामे राहत नाहीत. हंपबॅक घ्यायचे कारण वेगळे आहे. त्याची संवर्धन-स्थिती वाचताना भल्याभल्यांची गफलत होते, आणि ती कशी टाळायची हे शिकायला याच्याइतके चांगले उदाहरण नाही. ते पुढे येईलच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तक्त्यात मार्केन्शिया लिहिलीत तरी गोव्यातल्या भिंतीवर तुम्हाला बहुधा दुसरीच लिव्हरवर्टे भेटतील. रिक्सिया आणि सायथोडियम ही त्यातली दोन नावे. निरीक्षण त्यांचे करा, पण ते वेगळ्या रकान्यात लिहा. पुस्तकातली जात आणि भिंतीवरची जात एकाच नावाखाली मिसळली की सगळा तक्ता बिघडतो.

पायरी २: वर्गीकरणाची शिडी वरून खाली उतरा

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे मार्केन्शिया, उजवीकडे हंपबॅक. सगळ्यात वर दोघांना सामाईक अशी एकच ओळ येते: दृश्यकेंद्रकी, म्हणजे ज्यांच्या पेशीत केंद्रक स्पष्ट असते असे जीव. त्याच्या खाली वाटा फुटतात. डावीकडे वनस्पती सृष्टी, मार्केन्शिओफायटा विभाग, मार्केन्शिऑप्सिडा वर्ग, मार्केन्शिएलिस गण, मार्केन्शिएसी कुल. उजवीकडे प्राणी सृष्टी, समपृष्ठरज्जू संघ, सस्तन वर्ग, आर्टिओडॅक्टिला गण, बॅलिनॉप्टेरिडी कुल. शेवटी दोन्हीकडे प्रजाती आणि जाती.

जुनी पुस्तके वापरत असाल तर दोन ठिकाणी जपा.

पहिले डावीकडे. जुन्या क्रमिक पुस्तकांत लिव्हरवर्ट, मॉस आणि हॉर्नवर्ट हे तिघे ब्रायोफायटा या एकाच विभागात असतात आणि लिव्हरवर्ट त्यातला एक वर्ग असतो. आता तिघांचे तीन स्वतंत्र विभाग मानतात. ‘ब्रायोफायटा’ हे नाव काटेकोर अर्थाने फक्त मॉसच्या विभागाला उरले, तरी बोलताना तिघांनाही मिळून ‘ब्रायोफाइट’ म्हणायची सवय कायम आहे. तुमच्या परीक्षेचे पुस्तक जुनी मांडणी देत असेल तर उत्तरपत्रिकेत तीच लिहा. प्रकल्पात मात्र दोन्ही द्या आणि कुठली जुनी, कुठली नवी ते सांगा.

दुसरे उजवीकडे, आणि हे जास्त रंजक आहे. पूर्वी देवमाशांचा सिटेशिया हा स्वतंत्र गण होता. आता तो आर्टिओडॅक्टिला, म्हणजे गाय, डुक्कर, हरीण, उंट यांच्या समखुरी गणाच्या पोटात गेला आहे. आधी डीएनएच्या पुराव्याने तसे सुचवले आणि मग २००१ मध्ये प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडे पुढे आली. त्यांची घडण समखुरी प्राण्यांच्या घोट्यासारखीच निघाली. आज जिवंत असलेल्यांपैकी देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे. या कथेतला एक दुवा तर आपल्याच देशात सापडला. काश्मीरच्या बाजूला राजौरी भागातल्या खडकांत इंडोह्यस या लहानशा खुरवाल्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशांशी जुळते, हे २००७ मध्ये दाखवले गेले. दाराशी बांधलेली गाय ही शार्कपेक्षा देवमाशाला कितीतरी जवळची आहे, हे मुलांना सांगून पाहा. वर्गीकरणाचा तास त्यानंतर कंटाळवाणा राहत नाही.

नावांच्या बाबतीतही एक नोंद करता येईल. मार्केन्शिया पॉलिमॉर्फा हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिले. देवमाशांना माशांतून काढून सस्तनांत बसवले तेही त्यानेच, १७५८ मध्ये. हंपबॅकचे जातिनाम मात्र नंतरचे, १७८१ चे.

शिडी लिहून झाली की तिच्याखाली शरीराबद्दल चार ओळी लिहा. नुसती लॅटिन नावे लिहून वर्गीकरण समजत नाही. मार्केन्शियाला मूळ, खोड, पान काही नाही. जमिनीला चिकटलेले, दोन-दोन फाट्यांत वाढणारे चपटे हिरवे अंग असते, त्याला थॅलस म्हणतात. खालून निघणारे एकपेशीय धागे, म्हणजे मूलाभ, तिला धरून ठेवतात. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्याला दिसणारे ते हिरवे अंग एकगुणित असते: प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचा एकच संच, मार्केन्शियात नऊ. हंपबॅकच्या शरीरातल्या पेशींत दोन संच असतात, एकूण ४४ गुणसूत्रे, आणि एकगुणित अवस्था फक्त अंडपेशी व शुक्रपेशीपुरती उरते. लिव्हरवर्टमध्ये उलट. तिथे द्विगुणित अवस्था मादी थॅलसवरच वाढते, तिच्यावरच पोसते आणि बीजाणू सोडून संपते. मला विचाराल तर या दोन जिवांतला खरा फरक आकाराचा नाही, हा आहे. तक्त्यात याला ठळक जागा द्या.

पायरी ३: अधिवास स्वतः बघून लिहा

लिव्हरवर्टपासून सुरुवात करा. त्याला होडी लागत नाही, दहापट मोठे दाखवणारे हातभिंग पुरते. जून संपत आला की निघायचे. कुठे बघायचे? कुळागरातल्या पाटाची कड, विहिरीच्या आतले चिरे, झरीच्या तोंडाशी सतत ओला राहणारा कातळ, चोर्ला किंवा अनमोड घाटात रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या सावलीतल्या भिंती. सोय एकच बघायची, ओल आणि सावली दोन्ही हवी. उघड्या सड्यावर ऊन लागते तिथे तुम्हाला दगडफूल मिळेल, ते लिव्हरवर्ट नव्हे. रिक्सिया मात्र शेतातही भेटते. भाताची कापणी झाल्यावर ओलसर राहिलेल्या मातीत तिची लहान, चक्राकार फुलोऱ्यासारखी पसरलेली हिरवी अंगे दिसतात.

सायथोडियम ओळखायला सोपे. चिऱ्याच्या खाचेत, जिथे अंधारच जास्त, तिथे फिकट पोपटी, अगदी पातळ पापुद्रा असतो आणि विशिष्ट कोनातून पाहिले की तो चमकतो. स्वतःचा प्रकाश नसतो त्याला, आलेला अपुरा उजेड तो परतवतो. भिंग लावण्याआधी डोके थोडे डावी-उजवीकडे हलवून बघा, चमक कमी-जास्त होताना दिसेल.

मार्केन्शिया गटातले काही सापडले तर भिंग जवळ न्या. पृष्ठभागावर बारीक बहुकोनी चौकटी दिसतात आणि प्रत्येक चौकटीच्या मधोमध एक ठिपका. तो ठिपका म्हणजे खालच्या हवेच्या खोलीचे तोंड. आपल्या ओळखीच्या झाडांची पर्णरंध्रे गरजेप्रमाणे मिटतात, हे छिद्र तसे मिटत नाही. म्हणूनच कोरड्या हवेत या वनस्पतीचे हाल होतात. मार्केन्शियाच्या अंगावर दातेरी काठाच्या इवल्या वाट्याही दिसतील. त्यांत हिरव्या चकत्या असतात. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की त्या उडून बाजूला पडतात आणि तिथे नवीन रोप धरते. पिचकारीने एक थेंब टाकून हे करून बघता येते.

गल्लत कुठे होते तेही सांगतो. नेच्याच्या बाल्यावस्थेतले अंग हृदयाच्या आकाराचे, एकटे-दुकटे आणि फारच पातळ असते, त्यावर त्या चौकटी नसतात. हॉर्नवर्टचे अंग लिव्हरवर्टसारखेच दिसते, पण त्यातून उभ्या हिरव्या शिंगासारख्या काड्या निघतात.

ऑक्टोबरनंतर त्याच जागी पुन्हा जा. बरीच लिव्हरवर्टे सुकून, काठ आत वळवून, काळपट होऊन पडलेली दिसतील. मेली असे लगेच लिहू नका. काही जाती पुढच्या पावसात पुन्हा हिरव्या होतात.

आता समुद्र. इथे मला आधीच सांगितले पाहिजे की डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत बसून देवमासा दिसेल ही आशा धरू नका. सिकेरी किंवा पाळोळ्याच्या बाजूला जे दिसतात ते बहुतेकदा हंपबॅक डॉल्फिन असतात. नावात हंपबॅक आहे म्हणून त्यांची माहिती देवमाशाच्या रकान्यात गेलेली मी बऱ्याच प्रकल्पांत पाहिली आहे. तो दातवाला, दोन-अडीच मीटरचा प्राणी, सूसा प्लुंबिया. हंपबॅक देवमासा बारा ते सोळा मीटरचा, दातांऐवजी तोंडात केराटिनच्या पट्ट्यांची चाळण असलेला, आणि त्याचे पुढचे वल्हे शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब.

समुद्रातल्या माहितीसाठी ट्रॉलरवरच्या तांडेलांशी, म्हणजे होडीच्या प्रमुखांशी बोला. बाहेर गेल्यावर पाण्याचा फवारा कुठे, कुठल्या महिन्यात दिसतो ते त्यांना ठाऊक असते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जेटीवर जाळी विणत बसलेली माणसे निवांत बोलतात. मात्र ‘मोठा मासा’ म्हटल्यावर तो व्हेल शार्कही असू शकतो. एकच प्रश्न विचारा: शेपटी उभी होती की आडवी? उभी असेल तर मासा, आडवी असेल तर सस्तन.

अरबी समुद्रातल्या हंपबॅकांचा अधिवास बाकीच्या जगाहून निराळा आहे. इतर ठिकाणचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात वीण घालतात. अरबी समुद्रातले कुठेच जात नाहीत. बारमाही इथेच. कारण आपला पाऊसच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी, विशेषतः ओमानच्या बाजूला, समुद्राखालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर लहान मासे, आणि देवमाशाला घरबसल्या खाणे मिळते. जनुकीय अभ्यासानुसार हा कळप सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळा पडलेला आहे. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-टॅग लावलेली एक मादी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली होती. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांवर हंपबॅक नरांचे गाणेही नोंदले गेले आहे.

म्हणजे ज्या पावसावर चिऱ्यावरचा पापुद्रा हिरवा होतो, तोच पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांवर देवमाशाचे पोट भरते. अधिवासाच्या रकान्यात ‘जमीन’ आणि ‘समुद्र’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे जरूर लिहावे.

पायरी ४: संवर्धन-स्थिती तीन वेगवेगळ्या यादींत शोधा

तीन याद्या, तिघींचे काम वेगळे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची लाल यादी धोका किती ते सांगते, ती कायदा नव्हे. भारताचा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ काय करायला बंदी आहे ते सांगतो. साइट्स हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार आहे. ‘लाल यादीत आहे म्हणून बंदी आहे’ असे वाक्य लिहिलेत तर गुण कापले जातील आणि कापायलाच हवेत.

हंपबॅक लाल यादीत शोधा. जातीसमोर दिसेल ‘किमान चिंता’. २००८ पासून तेच आहे, कारण व्यापारी शिकार थांबल्यावर जगातल्या बऱ्याच समुद्रांत त्यांची संख्या पुन्हा वाढली. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये ही शिकार थांबवण्याचा ठराव केला होता. नवखा माणूस इथेच थांबतो आणि ‘धोका नाही’ असे लिहितो. थांबू नका, खाली उपसमूह बघा. अरबी समुद्रातल्या हंपबॅकांचे स्वतंत्र मूल्यांकन आहे आणि ते ‘संकटग्रस्त’ आहे. ओमानच्या पाण्यात छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत अवघे ८२ प्राणी धरले गेले. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात बेकायदा शिकार करून दोनशेहून अधिक हंपबॅक मारले होते. मादी अकरा-बारा महिने गाभण राहून एकच पिल्लू देते आणि पुढच्या पिल्लाला दोन-तीन वर्षे लागतात. मग साठ वर्षांनीही कळप सावरलेला नाही, यात नवल कसले? आज धोका मुख्यतः जाळ्यांत अडकण्याचा, जहाजांच्या धडकेचा आणि आवाजाचा.

आता मार्केन्शियाकडे. लाल यादीत लिव्हरवर्ट शोधू लागलात की बहुतेक नावे सापडतच नाहीत. जगातल्या बहुसंख्य लिव्हरवर्टांचे जागतिक मूल्यांकनच झालेले नाही. युरोपपुरती ब्रायोफाइट वनस्पतींची स्वतंत्र लाल यादी २०१९ मध्ये निघाली, आपल्याकडे तसे काम व्हायचे आहे. नाव नसेल तर रकान्यात ‘मूल्यांकन झालेले नाही’ असे लिहा. ‘सुरक्षित’ लिहू नका. ‘किमान चिंता’ म्हणजे कोणीतरी तपासून दिलेला निकाल, तर ‘मूल्यांकन झालेले नाही’ म्हणजे कोणी बघितलेलेच नाही. या दोन्हींशिवाय ‘माहिती अपुरी’ असा तिसरा शेराही आहे, म्हणजे बघितले पण ठरवता आले नाही. मार्केन्शिया पॉलिमॉर्फा स्वतः जगभर पसरलेली आणि रोपवाटिकांच्या कुंड्यांत तण म्हणून उपटली जाणारी आहे, तिची काळजी नको. पण एखाद्याच घाटातल्या झरीवर वाढणारी दुसरी जात रस्ता रुंद झाल्यावर किंवा वरची झाडे तुटून ऊन आल्यावर गेली, तर ती गेल्याचे कळणारही नाही. गोव्यात तर जुन्या चिऱ्यांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा होतो आहे, हेही एक कारण नोंदवा.

कायद्यात फरक आणखी उघडा पडतो. देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत, सर्वांत कडक संरक्षण. वनस्पतींसाठी या कायद्यात वर्षानुवर्षे सहाच नावांची अनुसूची होती आणि त्यात लिव्हरवर्ट एकही नव्हते. लिव्हरवर्टला जे काही संरक्षण मिळते ते जागेमुळे: मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला अशा अभयारण्यांत असेल तर तिथला कायदा त्यालाही लागू. साइट्समध्ये हंपबॅक परिशिष्ट एकमध्ये आहे.

प्रत्येक शेऱ्यापुढे मूल्यांकनाचे वर्ष लिहा. याद्या बदलतात.

पायरी ५: हात लावण्याआधी

अभयारण्यात लिव्हरवर्ट खरवडून आणू नका, परवानगी लागते. फोटो पुरतो: एक भिंगातून, एक खालच्या बाजूचा, एक आजूबाजूच्या जागेचा, सोबत तारीख, गाव आणि पाया चिऱ्याचा की मातीचा ही नोंद. स्वतःच्या कुळागरातले असेल तर नखाएवढा तुकडा कागदाच्या पाकिटात सुकवून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजतो.

किनाऱ्यावर मेलेला देवमासा दिसला तर हाड, दात काहीही घरी नेऊ नका. लाटेबरोबर आलेला मेणचट, करडा गोळा, ज्याला लोक ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात, तोही नको. तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो आणि भारतात जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांची. जीवरक्षकांना किंवा वन खात्याला कळवा. ते येईपर्यंत वाऱ्याच्या बाजूने लांब उभे राहून फोटो काढा: पूर्ण शरीर, शेपटी, डोक्यावर एक नाकपुडी की दोन, गळ्यावर लांब पन्हळी आहेत का, डोक्यावर तीन उभे कंगोरे आहेत का. दोन नाकपुड्या असतील तर चाळणीवाला, एक असेल तर दातवाला. तीन कंगोरे म्हणजे ब्रायडीज देवमासा, तोही या किनाऱ्याचाच रहिवासी. मापनपट्टी नसेल तर शेजारी वाळूत चप्पल ठेवा आणि नंतर तिची लांबी मोजून टिपणात लिहा.